चोळी कोणी शिवायची? महाराष्ट्रातील घरच्या शिवणाचा इतिहास

#थ्रेड

१/
सुवासिनीची ओटी भरताना नारळ आणि तांदळासोबत खण ठेवला जातो. हा खण म्हणजे न शिवलेले कापड. त्याची चोळी व्हायची, तर कोणीतरी बसून तो बेतला पाहिजे, कापला पाहिजे, टाका घातला पाहिजे. हे काम कोणी करायचे? ते कोणाला शिकू द्यायचे? आणि शिवून झालेली चोळी अंगात घालण्याचा अधिकार कोणाला? या तीन प्रश्नांवर महाराष्ट्रात शतकभर वाद झाले. घरच्या शिवणाचा इतिहास त्या वादांतून वाचता येतो.

२/
आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिवलेले कपडे भारतात मध्ययुगात बाहेरून आले, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर नेढे असलेल्या सुया सापडल्या आहेत. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे शब्द आहेत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत शिवलेले अंगरखे आणि चोळ्या घातलेली माणसे दिसतात. नेसायचे वस्त्र आणि शिवलेले वस्त्र या भूमीवर दीर्घकाळ एकत्र नांदले.

३/
भाषेतही या कलेच्या खुणा आहेत. कापड अंगाच्या मापाने कापण्याला मराठीत 'बेतणे' म्हणतात आणि योजनेला 'बेत'. मोजकेच असेल ते 'बेताचे'. उपाय उरत नाही तेव्हा 'आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार' असे म्हटले जाते. सुईदोरा ज्या समाजाच्या रोजच्या हातात असतो, त्याच समाजात असे वाक्प्रचार रुळतात.

४/
जुन्या पद्धतीची चोळी ही काटकसरीच्या भूमितीचा उत्तम नमुना आहे. खणाचा पन्हा लहान, म्हणून कापडाचा तुकडाही वाया जाऊ देणे परवडत नसे. पाठ, बाह्या, बगलेचे जोड, पुढचे भाग हे सारे बहुतांशी चौकोन आणि त्रिकोण यांतून साधले जात. काठ बाहीच्या कडेला येईल अशी मांडणी असे. पुढे बटणे नसत. दोन टोकांची गाठ मारली की चोळी अंगाला बसे. माप घ्यायला टेप नव्हती. बोट, वीत आणि अंगावरची जुनी चोळी यांवर काम भागत असे.

५/
मुलींचे शिक्षण मात्र चोळीपासून सुरू होत नसे. पहिला धडा बहुधा गोधडीचा. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर पसरून धावदोरा घालायचा. टाका वाकडा गेला तरी बिघडत नसे. पुढे बाळंतविड्यातले झबले, टोपडे, कुंची, दुपटे. त्यासाठी वापरून मऊ झालेले सुती कापड घेतले जाई. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. आजीच्या शेजारी बसून, उसवलेला टाका पुन्हा घालत ते हातात उतरत असे.

६/
व्यवसाय म्हणून शिवणकाम शिंप्यांकडे होते. संत नामदेव याच समाजातले. त्यांच्या रचनांत शिवणकामाची अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात. अंगरखा, बंडी, बाराबंदी असे बेताचे कौशल्य मागणारे कपडे शिंपी शिवत असे. पण परक्या पुरुषाला अंगाचे माप देणे अनेक घरांतील स्त्रियांना प्रशस्त वाटत नसे. त्यामुळे चोळीचा मोठा वाटा घरातच, बायकांच्या हातांनी तयार होई. या श्रमाची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

७/
आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळावे लागते. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला चोळी निषिद्ध होती. तिच्या वाट्याला आलवण येई. त्याच्याच पदराने डोके आणि अंग झाकायचे. ओटी सुवासिनीची, म्हणून खणही सुवासिनीचा. बालविवाहाच्या काळात अशा कितीतरी विधवा वयाने अगदी लहान असत. ज्या मुलीने नुकताच चोळीला टाका घालायला शिकलेले असे, तिच्याच अंगावरची चोळी एका दिवसात कायमची उतरवली जाई.

८/
एकोणिसाव्या शतकात सुई शाळेत गेली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरातही त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनासोबत शिवण शिकवले जाई. यामागे दोन हेतू होते. एक, व्हिक्टोरियन समजुतीनुसार चांगल्या गृहिणीला सुई यायलाच हवी. दुसरा अधिक व्यवहारी: लेकीला अक्षरे शिकवायला नाखूश असलेला बाप शिवण शिकवायला तितका विरोध करत नसे.

९/
या दुसऱ्या हेतूत पुढच्या संघर्षाचे बीज होते. सुईच्या निमित्ताने मुलगी शाळेत येऊ शकते, तसेच सुईच्या निमित्ताने तिचे पुस्तक काढूनही घेता येते. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तेच आजचे हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. तेथे मुली इंग्रजी, गणित आणि इतर विषय शिकू लागल्या. वाद अटळ होता.

१०/
१८८७ मध्ये टिळकांच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकातून या अभ्यासक्रमावर टीका झाली. तिचा रोख असा की, मुलींचे पुढील आयुष्य घरात जायचे आहे, म्हणून त्यांना मातृभाषा, धर्म-नीती, आरोग्य, स्वयंपाक, शिवण हे विषय पुरेत. शाळेची वेळही थोडी असावी, म्हणजे घरकाम शिकता येईल. शिवण या कलेला येथे कोणाचाच आक्षेप नव्हता. प्रश्न होता तो ती इंग्रजी आणि गणिताच्या सोबत शिकवायची की त्यांच्या जागी.

११/
त्याच वर्षी, १८८७ मध्ये, पंडिता रमाबाईंचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी आश्रमशाळा काढण्याची योजना त्यात मांडली होती. या स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका व्हायला शिकवावे आणि हातांच्या निरनिराळ्या कलांतून स्वतःचे पोट भरण्याची क्षमता द्यावी, असे त्या सांगत होत्या. एका बाजूला हस्तकला मुलीला घरात स्थिर करण्याचे साधन होती; रमाबाईंच्या हिशेबात तीच घराच्या दयेवाचून जगण्याचे साधन झाली.

१२/
११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळाने निराधार केलेल्या स्त्रिया आणि मुली तेथे मोठ्या संख्येने आल्या. तेथे अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, छपाई अशी कामे शिकवली जात. शेकडो जणींचे कपडे लागत होते आणि ते शिवणारे हातही त्यांचेच होते. शिकणे, वापरणे आणि कमावणे येथे एका छपराखाली आले.

१३/
या घटनांचा अर्थ आलवणाच्या संदर्भात ध्यानी घ्यावा. शिवण येणारी विधवा दहा सुवासिनींच्या चोळ्या शिवून देऊ शकत होती. रूढीप्रमाणे स्वतःसाठी मात्र एकही नाही. आश्रमांनी आणि शाळांनी तिला कमाईचे साधन दिले, पण चोळी घालण्याचा प्रश्न कौशल्याने सुटणारा नव्हता. त्यासाठी घरच्यांशी, शेजाऱ्यांशी आणि ग्रामण्याच्या धाकाशी सामना करावा लागत होता. हात कुशल झाला म्हणून अंगावरचा निर्बंध आपोआप सुटत नाही.

१४/
याच काळात सुईचे स्वरूप बदलत होते. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. म्हणून प्रत्येक टाक्याला पूर्ण सुई कापडातून आरपार ओढावी लागते. एलियस हाऊ यांनी १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात नेढे टोकाजवळ होते. सुई कापडात थोडीशी उतरते, वर येताना खाली दोऱ्याचा फास सुटतो आणि शटल दुसरा दोरा त्या फासातून नेते. दोन दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. आजच्या घरगुती मशीनची टीप याच तत्त्वावर पडते. आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे.

१५/
या बदलाने किती वेळ वाचला? व्हीलर अँड विल्सन या अमेरिकी मशीन कंपनीने १८६० च्या दशकाच्या आरंभी तुलना प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला सुमारे साडेचौदा तास लागत. यंत्रावर सव्वा तास. हे आकडे विक्रेत्याचे आहेत, म्हणून थोडे सावधपणे घ्यावेत. तरी हातशिलाई किती वेळ खात होती, हे त्यांवरून स्पष्ट होते. घरातील सर्वांचे कपडे शिवणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यातील किती दुपारी त्यात गेल्या असतील, याचा अंदाज प्रत्येकाने बांधावा.

१६/
यंत्राचे स्वागत सर्वत्र झाले नाही. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए यांनी १८३० मध्ये पेटंट घेऊन पॅरिसमध्ये यंत्रांची कार्यशाळा चालवली, तेव्हा धंदा बुडण्याच्या भीतीने शिंप्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत सिंगर कंपनीने दुसरी अडचण सोडवली: यंत्र महाग होते. १८५० च्या दशकात तिने हप्त्यांनी विक्री सुरू केली. कारखान्याबरोबरच घरातही यंत्र जाण्याचा मार्ग त्या हप्त्यांनी मोकळा केला.

१७/
भारतात सिंगर कंपनीचा कारभार दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. त्यांच्यापुढची अडचण वेगळी होती. धोतर, लुगडे, उपरणे यांना शिवण लागतच नाही. मग यंत्र विकायचे कोणाला? पहिले मोठे गिऱ्हाईक शिंपीच ठरले. दुकानाच्या ओट्यावर किंवा आठवड्याच्या बाजारात झाडाखाली मशीन मांडून बसलेला शिंपी हे दृश्य त्यानंतर रूढ झाले. १८५० च्या दशकापासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणीचे मोठ्या पन्ह्याचे कापड आणि वेगाने पडणारी टीप यांची जोडी जमली.

१८/
वेशही बदलू लागला. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये मुंबईला आल्या. येथील पारशी स्त्रियांची नेसण पाहून त्यांनी पोलके, परकर यांसह साडी नेसण्याची पद्धत घडवली आणि बंगालमध्ये रुजवली. महाराष्ट्रात विसाव्या शतकात नऊवारीच्या जागी पाचवारी येऊ लागली. काष्ट्याच्या लुगड्याखाली परकर लागत नाही, पाचवारीला लागतो. गाठीच्या चोळीची जागा गळा, मुंढा आणि बटणपट्टी असलेल्या पोलक्याने घेतली. वेश 'सुटसुटीत' झाला तसे घरातले शिवण वाढले.

१९/
या वाढलेल्या शिवणाला नवी शाळा मिळाली. रमाबाई रानडे यांनी मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबमधून भाषा, सामान्य ज्ञान आणि शिवण यांचे वर्ग चालवले होते. १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन स्थापन झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे प्रमुख सहकारी होते. विवाहित स्त्रियांना घरची कामे आटोपून दुपारी येता येईल अशा वर्गांची सोय तेथे होती. सासरच्या माणसांना 'शिवण शिकायला जाते' हे सांगणे सोपे होते. तेथे गेल्यावर वाचन आणि परिचर्याही शिकता येत होती. मिशनच्या शाळांतली जुनी युक्ती आता स्त्रियांच्या स्वतःच्या संस्थेत उपयोगी पडली.

२०/
स्वदेशीच्या चळवळीत एक पेच निर्माण झाला. कापड देशी, पण ते शिवणारे यंत्र विदेशी. १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेला शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास मात्र तसा नाही. नफा हा सिंगरचा उघड हेतू होता आणि एकाच काळात अनेक संसार मांडल्याचे उघडकीस आल्यावर त्याने न्यूयॉर्क सोडले. कथा चुकीची असली तरी तिच्यामागची कसोटी विचार करण्याजोगी आहे: यंत्राने कोणाचे कष्ट वाचतात?

२१/
१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने भारतीय बनावटीचे शिवणयंत्र तयार केले. 'उषा' हे त्याचे नाव घराघरांत पोहोचले. स्वातंत्र्यानंतर हातमशीन आणि पायमशीन मध्यमवर्गीय घरातील मोलाची वस्तू झाली. लग्नात दिलेले मशीन पुढे दोन-तीन पिढ्या चालत असे. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. महिला मंडळांतील शिवणवर्गांना सरकारी योजनांचे पाठबळ मिळू लागले.

२२/
या काळातील 'शिवणक्लास' ही स्वतंत्र संस्थाच मानावी लागेल. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ पासून निरनिराळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकायला आणले होते. महाराष्ट्रातील क्लासने वेगळी वाट धरली: नमुना विकत घ्यायचा नाही, काढायला शिकायचे. छातीच्या मापावरून मुंढा किती, गळा किती, टक्स कोठे घ्यायचे, याचे हिशेब वहीत उतरवायचे. आधी खाकी कागदावर किंवा वर्तमानपत्रावर कटिंग, मग छोट्या मापाचा नमुना वहीत चिकटवायचा. ज्या मुलीची शाळा सुटली, तिचे अपूर्णांकही अनेकदा या वहीत पक्के झाले.

२३/
शिकण्याचा क्रमही ठरलेला असे. प्रथम सरळ रेषेवर टीप, मग वळणावर. पहिला कपडा झबले किंवा परकर, कारण त्यात बेत सोपा. त्यानंतर फ्रॉक, पोलके आणि शेवटी अस्तराचे किंवा कटोरी ब्लाउज. काज, तुरपाई, हूक लावणे हे हाताने. बाही उलटी लागली की पुन्हा उसवायची. आजही घरी कपडे शिवू पाहणाऱ्याला हाच क्रम उपयोगी पडतो. नवे कापड कापण्यापूर्वी जुन्या चादरीवर एकदा बेतून पाहणे, ही गोधडीच्या काळातील शहाणीवच आहे.

२४/
मात्र या इतिहासाचा शेवट सरळ प्रगतीत होत नाही. गरजू स्त्रीला शिवणयंत्र द्यावे, ही योजना शासन आणि संस्था आजही राबवतात. यंत्र मिळाले की उत्पन्न मिळेल, असे त्यात गृहीत असते. प्रत्यक्षात घरी बसून नगावर मजुरीने शिवणाऱ्या स्त्रीला कामाचा दर ठरवता येत नाही. दोरा, सुई, वीज यांचा खर्च बहुधा तिचाच असतो. घरासाठी केलेले शिवण तर आजही 'काम' म्हणून मोजले जात नाही. १८८७ मधला वाद रूप बदलून समोर उभा राहतो: शिवण हा स्त्रीपुढचा एक पर्याय आहे, की तिच्यासाठी ठेवलेला एकमेव पर्याय?

२५/
या साऱ्या काळात सुई तीच होती. तिच्या भोवतीची व्यवस्था बदलली, तेव्हा तिचा अर्थ बदलला. पुस्तकाच्या जागी दिलेल्या सुईने मुलीचे जग लहान केले. पुस्तकासोबत आलेल्या सुईने अनेकींना स्वतःच्या पायांवर उभे केले. हौसेने घरी कपडे शिवायला शिकणाऱ्या आजच्या मुलाला किंवा मुलीला हा पर्याय स्वतः निवडता येतो. ही निवड खण हाती असलेल्या सुवासिनीला क्वचितच मिळाली आणि आलवणातल्या विधवेला तर नाहीच.

२६/
एक विनंती. अनेक घरांतील माळ्यांवर आणि ट्रंकांत कटिंगच्या जुन्या वह्या अजून आहेत: पिवळी पाने, पेन्सिलीतली मापे, चिकटवलेली इवलीशी झबली आणि पोलकी. त्या रद्दीत देऊ नका. वहीवर नाव, गाव आणि साल नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. क्लास कोठे होता, फी कोण देत असे, शिवलेल्या कपड्यांचे पैसे कोणाच्या हातात जात, हेही विचारा. सुईने झालेल्या श्रमांचा कागदोपत्री पुरावा फार थोडा उरला आहे. या वह्या तो पुरावा आहेत.

(समाप्त)